सुईणीचं दीड मिनिट

माझी भाची सुईण आहे. सरकारी परवान्याची, दोन परीक्षा दिलेली, प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीला लावलेली सुईण. तिने आजवर दोन हजार बाळं जगात आणली, असं मी भेटेल त्याला सांगतो. ती शेजारी असली की शांतपणे पिशवीतून वही काढते आणि म्हणते, "सहाशे बेचाळीस, मामा."

"जुळी धरलीस का?"

"धरली. दोन असतात म्हणून दोनदाच धरली."

आता अशा बाईपुढे माणसाने गप्पा हाणायच्या तरी कशा? मी घड्याळ दुरुस्तीचं दुकान पन्नास वर्षं चालवलं आणि गिऱ्हाइकांना घड्याळं कमी, गोष्टीच जास्त दिल्या. काटा एक मिनिट मागे पडला तर मी त्याची तासाभराची कथा करतो. पण हे जे सांगतोय त्यातले आकडे तिच्या वहीतले आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही. लावला असता तर काय झालं असतं तेही पुढे येईलच.

त्या वहीत ती कळा लिहिते. कळ किती वाजता आली, किती वेळ टिकली, पुढची किती मिनिटांनी आली. बाळंतीण ओरडत असते, नवरा जिन्यात भोवळ येऊन बसलेला असतो, सासू आणि आई एकमेकींना सूचना देत असतात, आणि ही त्या गोंधळात आपली घड्याळाकडे बघून दोन अक्षरं लिहिते. या सवयीने तिला फोनसुद्धा तसेच लिहायची खोड लागली. किती वाजता आला, किती वेळ चालला, कोण बोललं, काय बोललं.

आणि तिचा फोन म्हणजे तिचं निम्मं काम. तिचा नंबर शहरातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. दिवस भरत आलेली बाई तो पाठ करून ठेवते. त्यामुळे तिच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा फोन अनोळखी नंबरचा. नवऱ्याच्या फोनवरून, शेजारणीच्या, दुकानदाराच्या, जो हाताशी सापडेल त्याच्यावरून.

पूर्वी एकदा असा फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेना. हिने दोनदा 'हॅलो' म्हटलं आणि ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हिने चिडून कट केला. अर्ध्या तासाने शेजारणीचा फोन आला तेव्हा कळलं की ती बाई स्वयंपाकघरात फरशीवर पडून होती, घरात एकटी. कळ ऐन भरात असली की तोंडातून शब्द फुटत नाही. ती बिचारी कळ आली की घाबरून फोन लावायची, आणि कळ ओसरेपर्यंत हिने ठेवलेला असायचा. आई आणि बाळ दोघं वाचली, पण दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

त्या दिवसापासून तिने नियम केला. पलीकडून आवाज नाही आला तरी दीड मिनिट फोन ठेवायचा नाही. दीड मिनिटात कळ उतरते. आणि तेवढा वेळ गप्पही बसायचं नाही. ती बोलत राहते, "बोल बाळ, मी आहे ना. घाई नको. श्वास हळू सोड. मी थांबलेय." तिचा हा आवाज मी ऐकलाय. त्या आवाजात मला कुणी दात काढायला सांगितला असता तर मी दोन काढून दिले असते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे एका माणसाने नेमका हाच आवाज चोरला.

सुरुवातीला तिला काहीच वाटलं नाही. मुका फोन आला, दीड मिनिट थांबली, कुणी बोललं नाही, ठेवला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून तसाच. पलीकडे श्वास ऐकू यायचा. तिला वाटलं कुणी तरी घाबरट पहिलटकरीण असेल. तिने त्या नंबरांवर उलट फोन केले, ते बंद. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वहीत असे एक्कावन्न फोन झाले. मग मेसेज आला.

"तू दर वेळी थांबतेस. फोन ठेवत नाहीस. म्हणजे तुलाही हवंय. आज निळ्या कोटात छान दिसत होतीस."

दुपारची वेळ होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, जेवायला घरी आले होते. लिफ्ट दुरुस्त करतात, अंगाने कपाटासारखे आणि बोलण्यात पोस्टकार्डासारखे, चार ओळींत आटपणारे. त्यांनी मेसेज वाचला, हात धुतले, आणि टेबलावरचा मोठा पाना उचलला.

"कुठे निघालात?" भाचीने विचारलं.

"त्याला शोधायला."

"कुठे शोधणार?"

याचा विचार त्यांनी केला नव्हता. ते पाना घेऊन तसेच दारात उभे राहिले.

"ठेवा तो पाना," ती म्हणाली, "आणि आधी जेवा."

मग तिने मेसेजला उत्तर लिहिलं. मी म्हटलं, मला सांग, मी असं काही लिहून देतो की वाचून त्याचा फोन वितळेल. ती म्हणाली, "नको मामा. तुम्ही लिहिलंत तर त्याला चार पानं वाचायला मिळतील, एवढंच." तिने लिहिलं, "तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. मला हे नको आहे. यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नका." तारीख आणि वेळ वहीत टिपली आणि खाली रेघ मारली.

त्याचं उत्तर आलं, "लाजतेस."

त्यानंतर फोन आणखी वाढले. नंबर आलटून पालटून, मध्येच एखादा नवा, आणि ते फोन नक्की कुणाच्या घरातले ते तिला माहीत नव्हतं. आता तिला ठाऊक होतं की मुका फोन त्याचा असू शकतो. पण असू शकतो म्हणजे असेलच असं नाही, आणि पेच तिथेच होता. प्रत्येक मुक्या फोनला तिला ठरवायला लागायचं, पलीकडे तो आहे की फरशीवर पडलेली एखादी बाई. आणि ती दर वेळी बाई धरून चालायची. दीड मिनिट. "बोल बाळ, मी आहे ना." फोन ठेवला की साबणाने हात धुवायची. कोपरापर्यंत, बाळंतपणाआधी धुतात तसे. 

सल्ले मात्र भरपूर मिळाले. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "नंबर बदलून टाक बाई, कटकट मिटेल." ती म्हणाली, "सहाशे कपाटांची दारं कोण उघडून देणार मला?" औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, अनोळखी नंबर घ्यायचेच नाहीत. ती म्हणाली, "माझ्याकडे ओळखीचे फोन येतात ते बाळ झाल्यावर, फोटो पाठवायला." जावईबापू म्हणाले, "मी उचलत जातो." एक दिवस त्यांनी उचलला. पुरुषाचा जाड आवाज ऐकून पलीकडच्या मुलीने 'रॉंग नंबर' म्हणून ठेवून दिला. मग तो उपायही बंद केला.

मग मी तो पराक्रम केला.

नवव्या आठवड्यातली गोष्ट. ती अंघोळीला गेली होती, फोन टेबलावर वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास, जोरजोरात. मी म्हटलं, सापडला लेकाचा! आणि मग मी जे सुरू केलं ते काय सांगू. पन्नास वर्षांत ज्या ज्या गिऱ्हाइकाने घड्याळ पाण्यात पाडून 'आपोआप बंद पडलं' म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्यांसाठी साठवलेल्या शिव्या मी एका दमात बाहेर काढल्या. त्याच्या खानदानाचा मागच्या सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला, पुढच्या सात मी रद्दच करून टाकल्या. दम लागला म्हणून थांबलो, तर पलीकडून बारीक आवाज आला, "मामा... मी बेकरीवाल्यांची सून... पाणी गेलंय हो..."

भाची ओल्या केसांनीच निघाली. दुपारी चार वाजता मुलगी झाली, तीन किलो, ठणठणीत. बेकरीवाल्यांची सून मोठ्या मनाची, ती आजही म्हणते, "मामांच्या शिव्यांनीच सुटका लवकर झाली." पण माझी भाची घरी आली, पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मामा, ती घाबरून फोन ठेवून बसली असती तर?"

मी मान खाली घातली.

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "तो आता माझ्या घरातल्या माणसांकडून माझ्या बायकांना शिव्या देववायला लागलाय. इतके दिवस तो मला त्रास देतोय असं मी समजत होते. तो त्यांची वाट अडवतोय. चला."

"कुठे?"

"पोलीस चौकीत. वही घेऊन."

चौकीत टेबलामागे एक तरुण पोलीस बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिव्या देतो का?"

"नाही."

"धमकी?"

"नाही. बोलतच नाही."

"मग गुन्हा काय लिहू ताई? गप्प बसला म्हणून?" तो हसला. वाईट नव्हता पोरगा, पण हसला. "ब्लॉक करा ना सरळ."

मी पुढे झालो. "अहो, दिवसाला शंभर शंभर फोन येतात! आतापर्यंत दहा हजार तरी झाले असतील!"

तेव्हा बाजूच्या टेबलावरून एका बाईंनी चष्म्यावरून बघितलं. पिकलेल्या केसांच्या हवालदारबाई, निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेली असावीत. त्या मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही त्या बाकावर बसा." आणि भाचीला म्हणाल्या, "तुम्ही इकडे या. त्या वहीत काय आहे?"

भाचीने वही उघडून दिली. हवालदारबाईंनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग खुर्ची पुढे घेतली. पानापानावर तारीख, वेळ, नंबर, किती सेकंद, 'श्वास', 'दूरवर दार वाजलं', 'बोलला नाही'. मध्ये मध्ये खऱ्या फोनांच्या नोंदी: 'पहिली कळ सहा पाच', 'मुलगा, दोन किलो आठशे'. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांच्या नोकरीत मला अशी तक्रार कुणी आणून दिली नाही. लोक येतात आणि म्हणतात, 'खूप त्रास आहे.' खूप म्हणजे किती, ते कुणाला सांगता येत नाही."

माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पण मला ते लागलं.

"आता एकच सांगा," हवालदारबाई म्हणाल्या. "त्याला नको म्हणालात का? स्पष्ट?"

भाचीने रेघ मारलेली नोंद दाखवली आणि फोनमधला मेसेज. हवालदारबाई उठल्या, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि त्या तरुण पोलिसासमोर उघडून ठेवलं. "वाच. मोठ्याने."

त्याने वाचलं. चार ओळींचं कलम. मला त्याचा आकडा आठवत नाही, आणि आठवला असता तर मी तो वाढवून सांगितला असता, म्हणून जाऊ द्या. पण अर्थ असा होता: समोरच्याने स्पष्ट नकार दिल्यावरही जो माणूस फोनवरून किंवा संदेशांवरून त्याला वारंवार गाठत राहतो, तो बोलो किंवा न बोलो, नाव सांगो किंवा लपवो, तो गुन्हेगार.

"न बोलो," हवालदारबाई म्हणाल्या. "दिसलं? आता लिहून घे."

मी आयुष्यभर घड्याळं उघडली. चांगलं घड्याळ उघडलं की आत एकही चाक जास्तीचं नसतं आणि एकही कमी नसतं. त्या चार ओळी मला तशा वाटल्या. कायदा म्हणजे वकिलांना चरायला सोडलेलं कुरण, असं मी तोवर मानत होतो. पण कुठल्या तरी खोलीत बसून कुणी तरी 'बोलो किंवा न बोलो' हे शब्द घातले होते. ज्याने घातले त्याने कधीतरी फोन कानाला लावून पलीकडचा श्वास ऐकलेला असणार, किंवा ऐकलेल्या बाईचं नीट ऐकून घेतलेलं असणार. एरवी सुचत नाही.

हवालदारबाईंनी ती वही फोन कंपनीकडच्या नोंदींशी ताडून बघितली. त्याचे नंबर सात निघाले, सगळे खोट्या नावांवर घेतलेले. पण ते सातही सिम एकाच हँडसेटमध्ये घातले जात होते, आणि त्याच हँडसेटमध्ये एके रविवारी आठवं सिम पडलं. त्याचं स्वतःचं, खऱ्या नावाचं. सात मुखवटे सांभाळणारा माणूस एक दिवस आळस करून गेला. अकराव्या आठवड्यात त्याला धरला तेव्हा वहीत दोनशे चौदा फोन होते. त्यातले एकशे त्रेसष्ट नकार दिल्यानंतरचे. कंपनीच्या नोंदीत दोनशे चौदाच. एकाचाही फरक नाही. हवालदारबाईंनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्या तरुण पोलिसाने उठून भाचीसाठी खुर्ची आणली.

माणूस कोण? तर फर्निचरच्या मोठ्या शोरूमचा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, दारात आलेल्या म्हाताऱ्याला पाणी विचारणारा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण भाचीनेच केलं होतं. बाजारात लोक म्हणायला लागले, "तो? छे! काहीतरी गैरसमज असेल." आणि पुढे, "नुसता फोनच तर केला." मी दोनशे चौदा सांगायचो, तर लोक म्हणायचे, "एवढेच?" मग मी दहा हजार सांगायचो, तेव्हा कुठे ते गप्प व्हायचे. माझ्या त्या दहा हजारांनी कोर्टात घोळ घालायचा ठरवलं होतं, हे मला कुठे माहीत!

कोर्टाची खोली छोटी होती. लाकडी बाकं, भिंतीवर दोन मिनिटं मागे असलेलं घड्याळ. माझे हात शिवशिवत होते, पण गप्प बसलो. न्यायाधीशबाई मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. आरोपीच्या मागच्या बाकावर त्याची ती बहीण, मांडीवर दोन वर्षांची मुलगी घेऊन, भावासाठी आलेली. तिने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मला साक्षीला बोलावलं. आरोपीचे वकील उंच, बारीक, बोलताना टाचा वर करणारे. त्यांनी विचारलं, "तुम्ही बाजारात सांगत होता की दहा हजार फोन आले. खरं?"

"सांगत होतो."

"म्हणजे दहा हजार आले?"

"नाही साहेब. दोनशे चौदा."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलत होता."

सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. मी भाचीकडे पाहिलं. ती नुसती बसली होती, वही मांडीवर. मी म्हटलं, "हो. खोटं बोलत होतो. मी जन्मभर बोलत आलोय. माझ्या दुकानात आलेला माणूस साक्ष देईल. पण ही मुलगी माझी भाची असूनही कधी बोलली नाही, त्यामुळे तुम्ही माझा आकडा सोडा आणि तिचा घ्या. मी दहा हजार का सांगत होतो तेही लिहून घ्या. दोनशे चौदा म्हटलं की लोकांना ते थोडे वाटतात. तुम्हाला वाटतात का थोडे?"

"प्रश्न मी विचारायचे, तुम्ही नाही," वकील म्हणाले.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "माझा आवाका तेवढाच."

न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहिलं. हसल्या का, ते मी सांगणार नाही. शपथेवर होतो.

मग वकिलांनी आपलं हत्यार काढलं. ते म्हणाले, नकाराचा मेसेज वगैरे ठीक आहे, पण तो मनापासूनचा नव्हता. माझ्या अशिलाने फोन केला की या बाई दीड दीड मिनिट फोन ठेवत नसत. उलट अतिशय प्रेमाने बोलत. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. ज्या बाईला त्रास होतो ती असं बोलेल का, हे कोर्टाने स्वतःच ऐकावं.

त्या माणसाने तिचा आवाज जपून ठेवला होता. दोनशे चौदापैकी साठ फोनांचा. भाचीला हे तेव्हाच कळलं. तिने बाकाची कड धरली. जावईबापूंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की ही आता मोडेल. शिक्षा होवो न होवो, यानंतर ही कुणाशी त्या आवाजात बोलू शकणार नाही. मग फरशीवर पडलेल्या बाईसाठी कोण थांबणार?

वकिलांनी एका छोट्या यंत्राची कळ दाबली. खोलीत तिचा आवाज पसरला.

"बोल बाळ, मी आहे ना. घाई नको. श्वास हळू सोड. हं, असा. मी थांबलेय. कुठे जात नाही मी. आणखी एकदा, हळू."

वकील टाचा वर करून विजयी मुद्रेने सभोवार बघत होते. पण खोलीत कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. बाकावरच्या म्हाताऱ्या बाई, दारातली शिपाईण, फायली घेऊन आलेली कारकून मुलगी, सगळ्या त्या छोट्या यंत्राकडे बघत होत्या. टंकलेखक बाईंनी तर आवाजाबरोबर तीन श्वास सोडले. हे मात्र मी शपथेवर सांगत नाही.

आणि मागच्या बाकावरून आरोपीची बहीण उभी राहिली. मुलगी कडेवर घेऊन.

"दादा," ती म्हणाली, "हे मला म्हणाल्या होत्या."

"खाली बसा," वकील म्हणाले.

"हेच शब्द. मला बोलता येत नव्हतं, तू फोन लावून दिलास. स्पीकर तूच सुरू केलास. शेजारी उभा होतास की रे तू!" तिचा आवाज फाटला. "तुला माहीत होतं हे कशासाठी असतं. तुला माहीत होतं!"

न्यायाधीशबाईंनी तिला शांतपणे साक्षीच्या जागी यायला सांगितलं, शपथ दिली आणि तेच पुन्हा विचारून लिहून घेतलं. मग भाचीला विचारलं, "दीड मिनिटच का?"

भाचीने सांगितलं. कळ कशी चढते, बाईचा आवाज कसा बंद होतो, कधी उतरते. कुणाला तरी शिकवावं तसं, साधं. शेवटी म्हणाली, "पलीकडे कोण आहे ते मला दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांसाठी थांबते. यांच्यासाठी मी एकदाही थांबले नव्हते."

न्यायाधीशबाई आरोपीकडे वळल्या. "तुम्ही म्हणता, यांना तुमचे फोन हवे होते."

"हो."

"मग सात नंबर कशाला लागले?"

तो मऊ बोलणारा माणूस गप्प बसला. या वेळी दीड मिनिटापेक्षा जास्त.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. कैद झाली, आणि सुटल्यावरही स्वतः किंवा दुसऱ्याकरवी, कुठल्याही नंबरवरून, फोन किंवा संदेश करायचा नाही, असा हुकूम झाला. न्यायाधीशबाईंनी निकालपत्रात लिहिलं की तक्रारदाराने फोन उचलणं आणि थांबणं हे तिचं कर्तव्य होतं, त्याला संमती म्हणणं म्हणजे रुग्णालयात शिरून चोरी करायची आणि 'दार उघडंच होतं' म्हणायचं, तसं आहे. हे वाक्य मी रचलेलं नाही. मला जमलंही नसतं. ते साठ आवाज पुसून टाकायचा आदेशही त्यात होता.

त्याची बहीण बाहेर भाचीपाशी आली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मुलीने भाचीच्या मनगटावरचं घड्याळ ओढलं, तेवढं दिसलं. भाचीने ते काढून तिच्या हातात खेळायला दिलं.

जावईबापू गाडी आणायला गेले. आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. हवालदारबाई बाहेर आल्या, साध्या कपड्यांत, त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. तरी निकाल ऐकायला आल्या होत्या.

"नंबर बदलणार का आता?" त्यांनी विचारलं.

"नाही," भाची म्हणाली. "तोच आहे."

"तोच ना? नक्की?"

"तोच."

हवालदारबाईंनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. तो नंबर त्यांनी या खटल्याच्या कागदांवर पन्नासेक वेळा लिहिला असेल, झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता. पण त्यांनी तो पुन्हा विचारला, भाचीने एकेक आकडा सांगितला, आणि त्यांनी चष्मा नाकावर ढकलून ठसठशीत अक्षरात उतरवून घेतला.

"माझ्या मुलीला सातवा लागलाय," त्या म्हणाल्या. "नवरा बोटीवर असतो, घरी एकटीच. तिला सांगून ठेवते. बोलता आलं नाही तरी लाव म्हणून."